रोबोट व्हॅक्यूम फिरतो, पण कचरा नीट ओढत नाही. मोटर गेली का?

मोटर इतक्यात जात नाही. पुण्यात बाणेर, वाकडकडे राहत असाल आणि शेजारी बांधकाम चालू असेल, तर आधी फिल्टरच बघा. सिमेंटची ती पिठासारखी धूळ घड्यांमध्ये गच्च बसते. डबा रिकामा दिसतो, पण हवाच आरपार जात नाही. फिल्टर काढून डबा लावा आणि दोन मिनिटं चालवून बघा. ओढ एकदम वाढली तर दोषी सापडला. (तसाच वापरत राहू नका, धूळ थेट मोटरमध्ये जाईल.)

फिल्टर कचऱ्याच्या डब्यावर हलक्या हाताने आपटून झटका. ‘धुता येतो’ असं लिहिलं असेल तरच धुवा, तेही नुसत्या पाण्याने, आणि पूर्ण २४ तास वाळवा. पुण्याच्या पावसाळ्यात दोन दिवस धरा. ओलसर लावलात तर आत चिखल होतो आणि वास सुटतो तो वेगळाच. जुना झाला असेल तर सरळ नवा घ्या.

मग मशीन उलटं करून मुख्य ब्रश काढा. केस मधे कमी, दोन्ही टोकांच्या टोप्यांखाली जास्त अडकतात. कात्रीने कापून काढा. ब्रशमागच्या तोंडात टॉर्च मारा, तिथे हमखास कागदाचा कपटा सापडतो.

आणि हो, ॲपमध्ये ‘क्वाएट’ (कमी आवाज, कमी ओढ) मोड चालू नाही ना?