रिपोर्टमध्ये इन्सुलिन भरपूर, तरी साखर वाढलेली. असं का?

कारण स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत. एरवी इन्सुलिन पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटलं की आत निरोप जातो आणि ग्लुट-४ नावाची प्रथिनं पृष्ठभागावर येऊन साखर आत घेतात. लठ्ठपणात स्नायूंच्या पेशींतही चरबी साठते आणि हा निरोप मध्येच अडतो. बिघाड असतो तो बहुतेक रिसेप्टरच्या पुढे, पेशीच्या आतल्या वाटेवर. स्वादुपिंड मग जास्त इन्सुलिन सोडत राहतं. ते कमी पडायला लागलं की मधुमेह.

खरी दिलाशाची गोष्ट ही, की स्नायू हलले की ग्लुट-४ इन्सुलिनशिवायही वर येतं. म्हणून वजन उतरायची वाट न बघता आजपासूनच जेवणानंतर चालायला लागा. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला, साखर एकदम उतरू शकते.