भूपातला गंधार चढा का लागतो?

प्रश्न : मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते आणि घरीच चार-पाच मुलींना गाणे शिकवते. मुलाने आपला जुना आयपॅड मला दिला असून, त्यावर केबल जोडून वाद्य तयार करण्याचे एक मॉड्यूलर ॲप आहे. त्यातल्या सीक्वेन्सरवर, म्हणजे ठरवलेले स्वर ओळीने वाजवणाऱ्या भागावर, काळी चारमध्ये भूपाचे स्वर लावले आणि शेजारी तानपुरा छेडला, तेव्हा रे व प ठीक वाटले, पण ग आणि ध चढे लागले. शिवाय प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला ‘टक्’ असा आवाज येतो. ॲपमध्ये दोष आहे की माझ्या जोडणीत?

उत्तर : दोष तुमच्या कानात नाही, हे आधी सांगतो. सीक्वेन्सरकडून ऑसिलेटरकडे, म्हणजे प्रत्यक्ष आवाज निर्माण करणाऱ्या मॉड्यूलकडे, जाणाऱ्या केबलच्या वाटेत तुम्ही क्वांटायझर नावाचे मॉड्यूल ठेवलेले असावे. येणारा प्रत्येक व्होल्ट, म्हणजे स्वराची उंची सांगणारा आकडा, पेटीच्या बारा पट्ट्यांपैकी जवळच्या पट्टीवर नेऊन बसवणे एवढेच त्याचे काम असते. त्या बारा पट्ट्या समान अंतरावरच्या, म्हणजे प्रत्येकी १०० सेंटच्या (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग) असल्यामुळे गंधार ४०० सेंटवर पडतो. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार मात्र ३८६ सेंटवर असतो. धैवतात हाच फरक १६ सेंटचा आहे, तर रिषभात तो जेमतेम चार आणि पंचमात दोन सेंटचा, म्हणूनच ते तुम्हाला खटकले नाहीत. पेटीविषयीची तक्रारही जुन्या काळापासून हीच आहे. १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली, त्यामागच्या वादात हा मुद्दा होताच. पेटीचा सूर मात्र पट्टीला जखडलेला असतो आणि तुमच्या हातात आता केबल आहे.

तेव्हा क्वांटायझर काढून टाका आणि सीक्वेन्सरची केबल थेट ऑसिलेटरच्या स्वराच्या छिद्रात जोडा. या ॲपमध्ये एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक, ही सिंथेसायझर बनवणाऱ्या रॉबर्ट मूग यांच्या १९६०च्या दशकातील यंत्रांपासून चालत आलेली रीत बहुधा पाळलेली असते. व्हीसीव्ही रॅक या संगणकावरील मॉड्यूलर प्रणालीच्या घडणीची जी ॲप आहेत, आयपॅडवरील मिरॅक त्यांपैकीच, त्यांत शून्य व्होल्ट म्हणजे मध्य सप्तकातील पांढरी एक, २६१.६ हर्ट्‌झ. काळी चारचा तुमचा षड्ज तिच्याखाली चार पट्ट्यांवर, म्हणजे उणे ०.३३३ व्होल्टवर आला. गंधार हा षड्जाच्या सव्वापट कंपनांचा स्वर असल्यामुळे त्यासाठी षड्जावर ०.३२२ व्होल्ट चढवायचे, म्हणजे बटण उणे ०.०११ वर ठेवायचे. धैवत त्याच हिशेबाने ०.४०४ वर येतो. बोटाने इतके बारीक फिरवणे कठीण जाते, म्हणून आकडा टंकण्याची सोय असेल तर ती वापरा. आता गंधार २५९.६ हर्ट्‌झवर येईल. पूर्वीच्या आणि आताच्या स्वरांत दोन हर्ट्‌झचे अंतर आहे, म्हणजे दोन ऑसिलेटर लावून दोन्ही गंधार एकदम वाजवलेत, तर आवाज चढण्या-उतरण्याच्या सेकंदाला दोन लाटा मोजता येतील. मुलींना हे एकदा जरूर ऐकवा. आकडे सांगून जे समजत नाही ते त्या लाटांवरून लगेच कळते. शेवटचा निर्णय मात्र तानपुऱ्याशी जुळवूनच घ्या, कारण तुमचा तानपुरा एखादा हर्ट्‌झ वर किंवा खाली लागलेला असू शकतो.

‘टक्’ या आवाजाचे कारण साधे आहे. स्वराची लहर शून्यावरून एकदम पूर्ण उंचीवर उडी मारते आणि ती उडीच आपल्याला ऐकू येते. एन्व्हलप हे मॉड्यूल स्वर कसा चढतो आणि विरतो ते ठरवते; त्यातील अटॅक, म्हणजे चढण्याचा वेळ, शून्यावर असेल तर तो दहा मिलिसेकंदांवर आणा. स्वर संपतानाही तसाच आवाज येत असेल, तर रिलीज, म्हणजे विरण्याचा वेळही थोडा वाढवा. एन्व्हलपची केबल आवाजाची पातळी सांभाळणाऱ्या व्हीसीए मॉड्यूललाच गेली आहे ना, हेही पाहा. ती फिल्टरला जोडली गेली, तर नुसता आवाजाचा पोत बदलतो आणि टक् तसेच राहते.

जुना आयपॅड मॉड्यूल वाढले की करकरू लागेल. तेव्हा बफर, म्हणजे ॲप एका वेळी तयार करते त्या आवाजाच्या नमुन्यांची संख्या, २५६ वरून ५१२ करा. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने तो उशीर जेमतेम बारा मिलिसेकंदांचा होतो आणि सीक्वेन्सर वाजवताना जाणवत नाही. तानपुऱ्याबरोबर ऐकताना मात्र ब्लूटूथऐवजी तारेचा हेडफोन एकाच कानाला लावा. ब्लूटूथमधून येणारा उशीर याहून पुष्कळ मोठा असतो, आणि दुसरा कान तानपुऱ्यासाठी मोकळा हवा.