इंटर्नशिपमध्ये नुसता डेटा साफ करतेय, यात शिकण्यासारखं काय आहे?

तुझा प्रश्न असा: अर्थशास्त्रात एमए झालं, एका संस्थेत तीन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली, आणि दिवसभर काम काय, तर शाळकरी मुलांच्या चाचण्यांचे आकडे एक्सेलमध्ये तपासायचे. अहवालावर नाव मात्र दुसऱ्यांचं. माझ्या भाचीच्या वयाची असशील, म्हणून सरळ अगंतुगं करते.

मी सोळा वर्षं याच कामात आहे आणि सुरुवात तुझ्याच खुर्चीवरून केली. पहिल्याच महिन्यात घोळ घातला. चाचणीच्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांचे रकाने रिकामे होते, ते मला बघवेनात. सगळीकडे 0 भरून मोकळी झाले. दोन शाळांची सरासरी अशी काही आपटली की तिथल्या मुख्याध्यापकांना फोन गेले. मुलं बिचारी भातलावणीला गेली होती! चूक सापडली ती मूळ फाइल कुणीतरी वेगळी जपून ठेवली होती म्हणून. तेव्हा ती सवय आधी लावून घे. मूळ फाइलला हात लावायचा नाही, प्रतीवर काम करायचं, आणि काय बदललं, का बदललं हे वहीत तारखेसह लिहायचं.

आता खरी गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या चाचणीत हातच्याची वजाबाकी फारच कच्ची निघाली. फाइलमध्ये फक्त 1 आणि 0, म्हणजे बरोबर आणि चूक. एका इंटर्नला नोंदी पडताळायला पेपरांचे गठ्ठे दिले होते. तिसऱ्या दिवशी ती एक कागद घेऊन संशोधक ताईंच्या टेबलापाशी आली. 52 मधून 27 वजा करा, याला पोरांनी परत परत एकच उत्तर दिलं होतं: 35. एकक आणि दशक, दोन्ही घरांत मोठ्या अंकातून लहान अंक काढलेला. वरचा अंक लहान असला की दशक सुटा करावा लागतो, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं नव्हतं. बाकी वजाबाकी येत होती. हे 1 आणि 0 मध्ये कधीच दिसलं नसतं. ताईंनी पुढच्या चाचणीपासून मुलाचं उत्तर जसंच्या तसं टंकायचा नियम केला आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा एक अख्खा दिवस बदलला.

मराठीत तर असले कोपरे पुष्कळ. 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी येतो, लिहिताना पाच आधी. म्हणून 53 ऐवजी 35 लिहिणारी मुलं भेटतात. त्यात 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 21 ला 'वीस एक' म्हणायच्या पद्धतीचं संख्यावाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. मला स्वतःला ती पद्धत आवडली होती, पण तो वाद इथे नको. मुद्दा असा की 53 दाखवल्यावर मूल 'पन्नास तीन' म्हणालं तर बरोबर धरायचं की चूक? हे आधी ठरलं नसेल तर एक सर्वेक्षक 1 देतो, दुसरा 0, आणि दोन तालुक्यांत नसलेला फरक कागदावर उभा राहतो.

'असर'चं, म्हणजे मुलांना वाचता येतं का, गणित येतं का हे तपासणाऱ्या सर्वेक्षणाचं, उदाहरण घे. 2005 पासून चालत आलेलं हे सर्वेक्षण ग्रामीण भागात घरोघरी जाऊन होतं. गावाचे चार भाग पाडायचे, प्रत्येक भागात मधून सुरुवात करून डाव्या हाताचं दर पाचवं घर, अशी वीस घरं. प्रत्येक मुलाला समोर बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट वाचायला द्यायची. 2022 साली असे 616 जिल्हे आणि जवळपास सात लाख मुलं झाली. तिसरीतली दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं देशभरात 2018 ला 27.3 टक्के, 2022 ला 20.5, 2024 ला 27.1. वर्तमानपत्रात एवढी एक ओळ येते. तिच्यामागे कॉलेजची हजारो पोरंपोरी असतात. कुत्र्यांना चुकवत घरं मोजणारी, आणि 'शाळेचे इन्स्पेक्टर आले' म्हणून पळालेल्या मुलाला अंगणात परत बोलावणारी.

नावाबद्दल तुझं रास्त आहे. ऋणनिर्देशात नाव येईल का, हे आत्ताच मेल करून विचार. छपाईला गेल्यावर कोणी लक्ष देत नाही. आमच्याकडे अहवाल निघाला की साहेबांना पुष्पगुच्छ आणि इंटर्नना वडापाव, अशीच रीत होती. ताईंनी ती मोडली. त्यांनी सगळ्यांसमोर नियमांची वही उघडून कुठला नियम कुणाच्या शंकेमुळे आला ते वाचून दाखवलं. वजाबाकीच्या नियमापुढे त्या मुलीचं नाव लिहिलेलं होतं. ती मुलगी आज स्वतः प्रश्नपत्रिका तयार करते. माझ्या नावापुढे होता गैरहजरांचा नियम. हसले सगळे, मीही.

आर किंवा स्टाटा यांपैकी आकडेवारीचं एखादं सॉफ्टवेअर शीक, ते महिन्याभरात जमेल. त्याआधी दोन दिवस शाळेत पाठवा म्हणून साहेबांच्या मागे लाग.

आणि तुमच्या चाचणीत 'पन्नास तीन'ला किती गुण आहेत, ते बघून इथे सांग. मला खरंच उत्सुकता आहे.