घाटात अडकलेल्या गाडीसाठी थांबावे का?

प्रश्न : कामानिमित्त मला कोल्हापूरहून गगनबावडामार्गे वैभववाडीला वरचेवर जावे लागते. करूळ घाटात बंद पडलेली गाडी दिसली की थांबावेसे वाटते. परंतु रात्री लुबाडले जाण्याची भीती वाटते, आणि अपघात असेल तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, असे घरचे बजावतात. काय करावे?
– एक वाचक, फुलेवाडी

उत्तर : अवश्य थांबावे. मात्र वळणावर किंवा बंद गाडीला खेटून आपली गाडी कधीही उभी करू नये, कारण पावसाळ्यात घाटात धुके उतरले की चार हातांवरचे दिसत नाही आणि मागून येणाऱ्यापुढे एकाऐवजी दोन अडथळे उभे राहतात. वळण ओलांडून रुंद जागी थांबावे, चारही इंडिकेटर चालू ठेवावेत आणि रिफ्लेक्टरचा त्रिकोण, तो नसल्यास झाडाच्या फांद्या, वळणाच्या अलीकडेच ठेवायला लावाव्यात. गाडी चढावर तापलेली असेल तर रेडिएटरचे झाकण लगेच उघडू देऊ नये; उकळते पाणी थेट अंगावर उडते. चाकामागे लावलेले दगड गाडी सुरू होताच रस्त्यातच टाकून जाण्याची फार वाईट सवय आपल्याकडे आहे. अंधारात एखाद्या दुचाकीस्वाराचा त्यावरून जीव जाऊ शकतो, म्हणून ते कडेला टाकल्याशिवाय तेथून हलू नये.

रात्री एकटे असताना शंका आली, तर खाली उतरलेच पाहिजे असे नाही. काच थोडी खाली करून विचारपूस करावी, गाडीचा क्रमांक व ठिकाण ध्यानात ठेवावे आणि रेंज मिळताच ११२ वर कळवावे किंवा पुढच्या गावात गॅरेजवाल्याला निरोप द्यावा. घाटात अडकलेल्याला बहुधा त्या निरोपाचीच सर्वाधिक गरज असते.

पोलिसांची भीती मात्र आता मनातून काढून टाकावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदतकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. अपघातग्रस्ताला सद्भावनेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता तातडीची मदत करणाऱ्यावर, त्या मदतीत काही चूक झाली तरी, दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचे की नाही, हेही त्यानेच ठरवायचे असते. जखमीला उगाच हलवू नये. आधी १०८ वर रुग्णवाहिका मागवावी आणि ती येईपर्यंत रक्तस्राव होत असलेल्या जागी स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे.