पहिल्यांदाच एअर इनटेक स्वतः बसवतोय, जमेल का?

प्रश्न असा आहे : "माझ्याकडे पाच वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. बाजारात इंजिनाला हवा पोचवणारा, कोन फिल्टर आणि पाइपचा जो एअर इनटेक मिळतो तो घरीच बसवता येईल का? आजवर पाना हातात धरलेला नाही. कोणता घ्यावा आणि पॉवर किती वाढेल?"

जमेल. तास-दीड तासाचं काम आहे. सायकलची उतरलेली चेन चढवता येत असेल तर हेही येईल. पॉवर वाढणार नाही. एवढं लिहून थांबणार होतो, पण "पाना हातात धरलेला नाही" हे वाचलं आणि खंबाटकी घाट डोळ्यांपुढे आला.

२०१५ ची गोष्ट. माझी स्विफ्ट डिझेल होती, १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन, ७५ पीएस. २००० आरपीएमच्या खाली मेलेली, वर गेली की पिसाळलेली. टर्बोची, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याची, शिट्टी ऐकू यावी एवढ्याच हौसेपोटी कोन फिल्टर मागवला. घरी मात्र "मायलेज वाढतं" असं सांगितलं. शनिवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं. वॉचमन कमरेवर हात ठेवून शेजारी उभा. एअर फिल्टरचा डबा १० नंबरच्या पान्याने सुटला. त्यानंतर हवा मोजणारा मास सेन्सर जुन्या नळीतून काढून नव्यात बसवायचा होता, तर त्याचे दोन बारके स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने निघेनात. चांदणीच्या आकाराचा बिट लागतो हे तोवर कुणी सांगितलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून तो मागून आणला.

दोन चुका केल्या. फिल्टर कापसाचा, धूळ धरावी म्हणून तेल लावूनच आलेला. मला तो मधे मधे पांढरट वाटला म्हणून सोबतच्या बाटलीतलं लाल तेल आणखी मारलं. बोट टेकवलं तर बोट लाल व्हायचं, आणि मला वाटलं, झकास. दुसरी चूक, टर्बोकडे जाणाऱ्या नळीची क्लिप "पुरेशी" आवळली. आता पुरेशी म्हणजे किती, ते दाजींना विचारा.

पुढच्याच रविवारी वाईला मावसभावाचा साखरपुडा. गाडीत आई, ताई, भाची आणि पुढच्या सीटवर दाजी. दाजी एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक, सगळी हयात डिझेल इंजिनात गेलेली. शिरवळपर्यंत शिट्टी मस्त वाजत होती. दाजी गप्प होते, तेव्हाच मी समजायला हवं होतं. घाट सुरू झाला आणि गाडीचा जीव गेला. पाय तळाला टेकला तरी दुसऱ्या गिअरच्या वर जाईना, मीटरवर पिवळा दिवा लागला. मागून लाल एसटी हॉर्न देत आली आणि आम्हाला मागे टाकून वर निघून गेली. दाजींनी त्या एसटीकडे असं पाहिलं जसं पोटचं पोर शर्यत जिंकून चाललंय.

"कंपनीवाल्यांनी एवढा मोठा डबा हौसेनं बसवला होता काय?" बस्स, एवढंच बोलले. पण वाईला पोचल्यावर तेच वाक्य त्यांनी मांडवातल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे ऐकवलं.

पुण्यात परतल्यावर गाडीतला बिघाड वाचणारा स्कॅनर लावला. कोड आला पी०१०१, म्हणजे हवा मोजण्याच्या आकड्यात गडबड. मी सेन्सर काढून त्यासाठी मिळतो तो क्लीनर मारला, वाळू दिला आणि त्याच बैठकीत क्लिपही आवळली. क्लिप दीड फेरा फिरली, हे खोटं बोलणार नाही. गाडी ठणठणीत.

वाद तिथून सुरू झाला तो आजतागायत चालू आहे. दाजी म्हणतात क्लिप ढिली होती : सेन्सर आणि टर्बोच्या मधे फट राहिली की तिथून न मोजलेली हवा आत जाते, सेन्सरला हवा कमी दिसते, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्या हिशेबाने डिझेल कमी सोडतो. मी म्हणतो तेल होतं : फिल्टरचं जादा तेल सेन्सरच्या त्या नखाएवढ्या पट्टीवर बसलं की ती हवा कमी दाखवते, आणि पुढचं सगळं तेच. लक्षणं डिट्टो सारखी. दोन्ही कामं मी एकदम केली, त्यामुळे पुरावा गेला. तेलही मीच मारलं होतं आणि क्लिपही मीच लावली होती, पण तो मुद्दा वेगळा. माझं म्हणणं एवढंच की क्लिप इतकी ढिली असती तर पहिल्याच दिवशी दिवा लागला असता, आठवडा कशाला लागेल? तेल मात्र हळूहळू उडत जाऊन बसतं. दाजी म्हणतात, घाटात जोर लागला तेव्हा फट उघडली. मी मानत नाही.

आता तुमचं. पॉवर का वाढत नाही, तर मूळ फिल्टर साफ असेल तर तो इंजिनाला अडवतच नसतो. शिवाय बहुतेक गाड्यांत कंपनीची नळी पुढून, बाहेरची हवा घेते. उघडा कोन बॉनेटखालची गरम हवा ओढतो. ३५ अंशांची हवा ७० अंशांची झाली की घनता साधारण १० टक्क्यांनी घटते. म्हणजे पैसे देऊन घाटात गाडी हळू करून घ्यायची. डिझेलमध्ये तर जोर ईसीयू किती डिझेल सोडतो त्यावर ठरतो, नुसती हवा जास्त देऊन काही होत नाही. आवाज मात्र मिळतो, आणि आवाजासाठी घेत असाल तर तसं सरळ सांगा, माझ्यासारखं मायलेज मायलेज करू नका.

बसवायचंच असेल तर बॅटरीची मायनस वायर आधी काढा, सेन्सरच्या पट्टीला बोट लावू नका, सेन्सरच्या वायरचा प्लग ओढताना त्याचा खटका दाबा, वायर ओढू नका. शेवटी इंजिन चालू ठेवून नळीच्या प्रत्येक जोडाशी कान लावा, फुस्स आवाज येतो का बघा. फक्त पंख्यापासून आणि बेल्टपासून बाही सांभाळा. जुना डबा भंगारात देऊ नका. माझा माळ्यावर होता म्हणून २०१९ ला गाडी विकताना परत बसवता आला.

आणि हो, कोल्ड एअर म्हणून जो लांब पाइप बंपरपर्यंत खाली नेतात, तो इकडच्या पावसाळ्यात अजिबात नको. साचलेल्या पाण्यात गाडी घातली आणि एक घोट आत गेला की पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात ते सहसा बसत नाही, इंजिनाचं वेगळं कव्हर लागतं. त्यातून बदललेला पाइप दिसला की विमा कंपनीला आयतं कारण मिळतं.

एक सांगायचं राहिलं. तुमची गाडी पेट्रोल आहे, बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत मास सेन्सर नसतोच, हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तसं असेल तर तेल-क्लिपचं हे रामायण तुम्हाला लागू नाही. हवेचं तापमान मोजणारा छोटा सेन्सर मात्र डब्यावर किंवा नळीवर असू शकतो, तो नव्या पाइपात बसतोय का ते आधी पाहा. कोणता घ्यावा हे मला विचारू नका, मी पुन्हा घेतला नाही.

पण गाडीत मास सेन्सर असेल, आणि तुम्हीही तेल जरा जास्त मारलंत, आणि पी०१०१ आला, तर एक उपकार करा. आधी फक्त सेन्सर साफ करा. क्लिपला हात लावू नका. गाडी सुधारली तर तारखेसकट मला कळवा, दाजींना पाठवायचंय. नाही सुधारली तर राहू द्या, कळवायची घाई नाही.