बिया फोडून फोडून चोच मोठी होते का?

प्रश्न : नमस्कार सर, आमचं शेत डिचोलीजवळ आहे, भात निसवलं की मनोल्यांचे थवे येऊन बसतात. परवा लेकीच्या अभ्यासात डार्विनच्या फिंच पक्ष्यांची चित्रं होती, ती म्हणते कठीण बिया फोडून फोडून त्यांची चोच मोठी झाली. असं खरंच होतं का? आणि हे कुणी डोळ्यांनी पाहिलंय का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, पाहिलंय, आणि चोचीवर पट्टी लावून मोजलंयसुद्धा. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांमध्ये डॅफ्ने मेजर नावाचं छोटंसं ओसाड बेट आहे, तिथे पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जोडपं १९७३ पासून पुढची ४० वर्षं जात राहिलं. फिंच जाळ्यात धरायचे, पायात कडी घालायची, चोच मोजायची आणि सोडून द्यायचे. मला तर या चिकाटीपुढे हातच जोडावेसे वाटतात.

१९७७ ला तिथे पाऊस झाला सगळा मिळून २४ मिलिमीटर, आपल्याकडे जूनमध्ये एका दुपारी तेवढा पडून जातो. बारीक मऊ बिया पक्ष्यांनी आधी संपवल्या, मग उरले सराटे. आयुर्वेदिक दुकानात गोखरू मिळतो ना, त्याचाच तिथला भाऊबंद. एकदा लेकीच्या हातात देऊन बघा, काटे टोचतात पण आतलं बी काही सुटत नाही. मध्यम भू-फिंच या जातीत ज्यांची चोच जरा जाड होती त्यांना ते फोडता आलं, बाकीचे उपाशी मेले. बाराशेच्या आसपास होते त्यातले दोनशेही उरले नाहीत, आणि मेलेल्या न् वाचलेल्यांच्या चोचीत सरासरी फरक किती, तर जेमतेम अर्धा मिलिमीटर, भाताच्या दाण्याच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी.

आता लेकीचा मुद्दा. बिया फोडून एकाही पक्ष्याची चोच वाढली नव्हती. जाड चोचवाले उरले, त्यांनाच पिल्लं झाली, आणि चोच आईबापावर जाते म्हणून पिल्लंही तशीच निघाली. एका पिढीत!

पुढे १९८३ ला एल निनोमुळे धो धो पाऊस झाला, बारीक बियांची रेलचेल झाली, तर त्यानंतर लहान चोचवाले जास्त टिकले. २००४ च्या सुमाराच्या दुष्काळात तर गंमतच, तोवर बेटावर मोठे भू-फिंच येऊन राहिले होते, त्यांनीच सराटे फस्त केले आणि या खेपेला मध्यम जातीतले जाड चोचवालेच जास्त मेले. २०१६ ला चोचीच्या या लहानमोठेपणामागचं एक जनुकही हाती लागलं, एचएमजीए२.

आणि हो, डार्विनचे फिंच खरे फिंच नाहीत, ते टॅनेजर या अमेरिकेतल्या पक्ष्यांच्या कुळातले, आणि आपल्या मनोल्या तिसऱ्याच कुळातल्या. पण काम दाणे फोडायचं, म्हणून चोच तशीच आखूड न् जाड. बांधावर शांत बसून लेकीला दाखवा, मनोली दाणा चोचीत धरून कसा सोलते, आणि तूस कसं खाली पडतं.