कंसातलं वाक्य

झुरिकहून एका आईचं पत्र आलंय. चांगलं लांबलचक आहे, मधेमधे डोळे पुसून लिहिलेलं वाटतं. मुलगी २४ वर्षांची, फार्मसी शिकलेली, बाझलला नोकरी. "तिने नोकरी ६० टक्क्यांवर आणली आणि जॅझचा बँड काढला. ती गाते आणि बँडची लीडरही तीच. चार पुरुष आणि ही एकटी. पियानोवाला तर पन्नाशीचा आहे. आमचे हे दोन महिने झाले, तिच्याशी बोललेले नाहीत. सांगलीला आजींना आम्ही अजून 'ऑफिसचं गॅदरिंग आहे' असंच सांगतो. हौस म्हणून गाणं ठीक आहे हो ताई, पण करिअर? आणि लग्नाचं काय? (मागच्या महिन्यात क्लबने पैसे द्यायला उशीर केला तर हिने चौघांना स्वतःच्या पगारातून दिले. आता कुठल्याशा कंपनीने रेकॉर्डिंगसाठी कागद पाठवलाय.) तुम्हीच सांगा, मी काय चुकले?"

तुम्ही काही चुकला नाहीत. फक्त जे खरं काळजीचं, ते कंसात घातलंत, आणि जे कंसात घालायचं त्यावर अख्खं पान भरलंत.

जुने वाचक आता हसतील. "आल्या ताई हिशेबाच्या वहीवर." हो, आले. त्याला कारण आहे.

आमच्या दादाचा गिरगावात ऑर्केस्ट्रा होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. गणपतीचे दहा दिवस म्हणजे रोज एक कार्यक्रम, कधी दोन. मी तेव्हा आठवीत. दादाची वही माझ्याकडे असे, कारण त्याचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नसे. कार्यक्रम संपला की स्टेजच्या मागे, वायरींच्या गुंडाळ्यांवर बसून मी पाकिटं करायची. पाकिटावर पेन्सिलीने नाव, म्हणजे पुढच्या वेळी खोडून तेच पाकीट वापरता येई. पहिलं पाकीट ढोलकीवाल्याचं. तो डोंबिवलीचा, त्याला व्हीटीहून शेवटची गाडी गाठायची असे आणि खांद्यावर ढोलकी. मग अ‍ॅकॉर्डियन वाजवणारे अंकल. ते गोव्याचे, धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गोवेकरांच्या सामाईक वसतिगृहात राहायचे, तरुणपणी हॉटेलांतल्या बँडमधून जॅझ वाजवलेले. दादाचं पाकीट सगळ्यात शेवटी, आणि पुष्कळदा ते रिकामंच असे. मंडळाचे अध्यक्ष म्हणत, "पैसे विसर्जनानंतर." आईच्या पाटल्या त्या वहीत दोनदा आल्या आहेत. एकदा गेल्या म्हणून, एकदा परत आल्या म्हणून.

तर तुमच्या मुलीने पगारातून चौघांचे पैसे दिले हे वाचलं तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते, पोरगी लीडर आहे खरी. दुसरं आलं ते, हिने हे कुठे लिहून ठेवलंय का?

आता तुमच्याच गावची एक गोष्ट सांगते. तुम्हाला वाटतं झुरिकमध्ये असलं काही करणारी परदेशी मुलगी म्हणजे तुमचीच पहिली. अहो बाई, साठ वर्षांपूर्वी तिथे क्लब आफ्रिकाना नावाच्या ठिकाणी केपटाऊनहून आलेले तरुण वादक वाजवत होते. त्यांच्याबरोबर होती बिआ बेंजामिन, पुढे जगाला सथिमा बिआ बेंजामिन म्हणून कळलेली. जन्म १९३६ चा, जोहान्सबर्गचा, वाढली केपटाऊनला आजीकडे. शिकून शाळेत शिक्षिका झाली. म्हणजे तीही तुमच्या मुलीसारखी 'चांगली नोकरी' असलेलीच! दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाच्या राज्यात कुणाबरोबर एका स्टेजवर उभं राहायचं हेसुद्धा सरकार ठरवणार. १९६० मध्ये शार्पव्हिलला पोलिसांनी गोळीबार केला, ६९ माणसं मारली. त्यानंतर तिथे श्वास घेणं कठीण झालं. १९६२ मध्ये ती आणि पियानिस्ट डॉलर ब्रँड (नंतरचे अब्दुल्ला इब्राहिम, पुढे तिचे यजमान) झुरिकला आले. आपण नोकरीचं पत्र हातात घेऊन निघालो, राहायची सोय कंपनीने केली. त्यांचं निघणं तसलं नव्हतं.

फेब्रुवारी १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन कार्यक्रमासाठी झुरिकला आले. एलिंग्टन म्हणजे जॅझमधलं केवढं नाव ते मुलीला विचारा. ही सव्वीस वर्षांची पोर त्यांना जाऊन गाठते आणि म्हणते, आमच्या क्लबात चला, आमची मंडळी ऐका. स्वतःसाठी नाही हं, पियानोवाल्यासाठी! ते आले. ऐकलं. मग हिलाही गायला लावलं. थोड्याच दिवसांत सगळ्यांना पॅरिसला नेऊन स्टुडिओत उभं केलं. तिच्या साथीला पियानोवर स्वतः एलिंग्टन, त्यांचे उजवे हात बिली स्ट्रेहॉर्न, आणि स्वेंड आस्मुसेनचं व्हायोलिन. आपल्याकडे नवशिक्या मुलीच्या मागे थिरकवांनी तबल्यावर बसावं, तसं.

आणि पुढे काय झालं माहीत आहे? कंपनीने डॉलर ब्रँडच्या तिकडीची तबकडी काढली. हिची काढलीच नाही. त्याआधी १९५९ मध्ये केलेलं ध्वनिमुद्रणही असंच पडून राहिलं होतं. पॅरिसची टेप गेली असंच सगळे धरून चालले. ती बाहेर आली १९९७ मध्ये, ३४ वर्षांनी, कारण स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रकाने एक प्रत स्वतःकडे जपून ठेवली होती. बाई तोवर साठीला आलेल्या.

विचार करा. गळा हिचा, मेहनत हिची, साथीला एवढी मोठी माणसं, आणि टेप दुसऱ्याची. टेप ज्याची, तो म्हणेल तेव्हा गाणं बाहेर येणार. तो नाही म्हणाला तर नाही.

आमच्या दादाचंही तेच. ऐंशीच्या दशकात एका कॅसेट कंपनीने त्याच्याकडून आठ गाणी गाऊन घेतली. जाण्यायेण्याचं भाडं आणि प्रत्येकाला एक इडली-वडा. कागद? "कागद कशाला, आपली घरचीच कंपनी." ती कॅसेट दोन-तीन वर्षं गणपतीत मांडवामांडवातून वाजत होती, मी स्वतःच्या कानांनी ऐकलीय. दादा गेल्यावर मूळ टेपसाठी फोन केले, कुणाला पत्ता नाही. माझ्याकडे एक कॅसेट आहे. तिची पहिली बाजू बुरशीने गेली. दुसऱ्या बाजूवर अडीच गाणी झाली की खट्ट आवाज येतो आणि पुढे कुणाच्या तरी लग्नातल्या मंगलाष्टका! घरातल्याच कुणीतरी वरून टेप केलं. दादाचा आवाज आज माझ्याकडे अडीच गाण्यांपुरता आहे.

सथिमाबाई मात्र यातून शिकल्या. १९७७ मध्ये न्यूयॉर्कला चेल्सी हॉटेलात बिऱ्हाड थाटलं, घरात दोन लहान मुलं, नवरा दौऱ्यावर. आपल्यातल्या कितीजणींनी याच वळणावर पेटी कपाटावर ठेवली ते मोजायला बसू नका, मीही त्यातलीच. बाईंनी १९७९ मध्ये स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. नाव ठेवलं एकापा, म्हणजे तिथल्या खोसा भाषेत 'केपला'. पहिल्यांदा घर सोडलं त्याला सतरा वर्षं झाली होती आणि कंपनीच्या पाटीवर माहेरचा पत्ता. वय बेचाळीस-त्रेचाळीस. मग स्वतःच्या नावाचा बँड बांधला: बासवर बस्टर विल्यम्स, ड्रमवर बिली हिगिन्स. जॅझमधले पहिल्या रांगेतले वादक हे. अशा लोकांना बोलवायचं म्हणजे कुठलं गाणं, कुठल्या पट्टीत, किती वाजता स्टुडिओ, बिदागी किती आणि ती कधी, हे सगळं हिने ठरवायचं. एक तबकडी ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत गेली. २००४ मध्ये ज्या देशातून निघावं लागलं त्याच देशाने सन्मान दिला. २०११ मध्ये केपटाऊनला परतल्या, २०१३ मध्ये तिथेच गेल्या.

श्रीमंत झाल्या का, असं तुमचे हे विचारतील. नाही. पण ज्या तबकड्या स्वतः काढल्या, त्या कुणाच्या गोदामात अडकून पडल्या नाहीत.

आता कामाचं. मुलीला बसवा आणि कंपनीचा तो कागद समोर घ्या. एका गाण्यात तीन वेगळ्या वस्तू असतात. एक, गाणं: ज्याने चाल बांधली आणि शब्द लिहिले त्याचं. दोन, तिने ते गायलं, हा तिचा कलाकार म्हणून हक्क. तीन, प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण, ज्याला ही मुलं 'मास्टर' म्हणतात. एलिंग्टनचं गाणं गायलं तर पहिली वस्तू एलिंग्टनच्या वारसांची-प्रकाशकांची, त्यात तिला काही मिळणार नाही. स्वतः चाल बांधली असेल तर ती स्वित्झर्लंडमध्ये सुइसाकडे, म्हणजे गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडे नोंदवायची, त्यांचं ऑफिस तुमच्याच गावात आहे. रेडिओवर तबकडी वाजली की गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा वाटा स्विसपरफॉर्मकडून येतो, तिथेही नाव लागतं. आणि मास्टर कुणाच्या नावावर, किती वर्षांसाठी, तबकडी ठराविक मुदतीत बाजारात आली नाही तर ते परत मिळणार का? हे शेवटचं कलम कागदात नसेल तर सही नको. कागद जर्मनमध्ये असेल आणि नीट समजत नसेल तर वकिलाला दोन-चारशे फ्रँक द्या. दिवाळीच्या फराळाचं कुरिअर एक वर्ष पाठवू नका, सांगलीला चकल्या मिळतात.

चौघांना तिने पगारातून दिले त्याबद्दल रागावू नका, पण तसं दुसऱ्यांदा होऊ देऊ नका. क्लबकडून तारीख ठरतानाच लेखी घ्यायचं: रक्कम किती, मिळणार कधी, कार्यक्रम रद्द झाला तर काय. आणि वादकांना ती पैसे देते म्हणजे कायद्याच्या नजरेत ती मालकीण ठरते का, की प्रत्येकजण आपापला स्वतंत्र, हे तुमच्या कँटनच्या (म्हणजे प्रांताच्या) एएचव्ही, म्हणजे वृद्धापकाळ विम्याच्या कार्यालयात जाऊन विचारायचं. स्विस माणूस गाणं बेसूर झालं तर माफ करेल, फॉर्म चुकला तर नाही. ६० टक्के नोकरी मात्र तिने सोडू नये, असं माझं मत. तिथे आरोग्यविम्याचा हप्ता गाणाऱ्यालाही चुकत नाही. तिने स्वतःच शंभराचे साठ केले म्हणजे पोरीला हिशेब कळतो. तुम्हाला तेच दिसलं नाही.

बाकीचे प्रश्न. चार पुरुष: ऑफिसात किती आहेत? पन्नाशीचा पियानोवाला ही तर चांगली गोष्ट, त्याला कुठला क्लब पैसे बुडवतो ते पाठ असेल. रात्रीचं येणं: तुमच्याकडच्या ट्राम माझ्या आयुष्यापेक्षा वेळेवर धावतात. लग्न: २४ हे काही वय नाही, आणि ज्या मुलाला बायकोचं गाणं खुपेल तो आत्ताच कळलेला बरा. आजी: सांगली म्हणजे नाट्यपंढरी हो! देवलांची सांगली! तिथल्या बाईपासून गाणं लपवता? व्हिडिओ कॉल लावा आणि मुलीलाच म्हणू द्या. भाषा कळणार नाही, सूर कुठे लागला नाही ते बरोबर सांगतील.

राहिले तुमचे हे. पत्राच्या तळाशी लिहिलंय, "ते बँकेत ऑडिटमध्ये आहेत, स्वभावाने कडक, पण परवा गाडीत बसले तर तिचंच गाणं चालू होतं, मला बघून बंद केलं." दोन महिने अबोला धरलेल्या ऑडिटरशी गाण्यावर वाद घालायचा नसतो. रविवारी चहा झाला की मुलीने एक वही टेबलावर ठेवावी. गेल्या सहा कार्यक्रमांचा जमाखर्च, पेनाने, खाडाखोडीसकट. बेरीज चुकलेली असली तर उत्तमच. "बाबा, हे जरा बघता का?" एवढंच म्हणावं आणि आत निघून जावं. आमचे वडील दादाशी वर्षभर बोलत नव्हते, पण माझ्या वहीतला हातचा राहिला की लाल पेन्सिलीने दुरुस्त करून ठेवायचे.

वही रेघांची घ्या, रकाने तिचे तिला आखू द्या. आणि पहिल्या पानावर सगळ्यात आधी ड्रमवाल्याचं नाव घालायला सांगा. सामान त्याचं जास्त असतं.